पानातली मरळ

मंठा
१५ जून २०२५

नोय,
जयभीम.

फोन न करता कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे, म्हणून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "हो ताई, बरं ताई" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस, आणि माझं म्हणशील तर पाचव्या मिनिटाला माझा आवाज चढतो. राजू होता तोवर एकीकडे बायको, एकीकडे बहीण असा मधे उभा राहून दोघींना हसवायचा. तो गेल्यापासून मधे कुणी नाही. कागदावर माणूस जरा सबुरीनं भांडतो.

माय आता माझ्याकडेच आहे. तुमच्या अंकुशनगरच्या घराला कुलूप आहे. शाळा उद्यापासून सुरू. सुट्टी संपली आणि सुट्टीत मी काय केलं ते आठवत नाही. बहुतेक धुणं वाळत घातलं.

काम असं आहे: तू केळीच्या पानात गुंडाळून मरळ करायचीस, शेपू घालून, तुमच्या लाओसची. ती कशी करतात ते सविस्तर लिहून पाठव. मला खावीशी वाटते आहे, बाकी काही नाही.

गेल्या ऑक्टोबरात तू प्रीतीला घेऊन गेलीस तेव्हा जाताना मला एक शब्द सांगितला नाहीस, हे मी विसरलेले नाही. पण ते राहू दे आता. प्रीतीला आत्याचा पापा.

सुमेधाताई


सावन्नाखेत
१९ जून २०२५

सुमेधाताईंना नोयचा जयभीम.

तुमचा कागद प्रीतीनं वाचून दाखवला. तिची मराठी आता अडकत अडकत चालते. मला मोबाईलवर मराठी टाईप येत न्हाई, म्हणून मी पण कागदावर लिहिते. माझं अक्षर अंगणवाडीतलं हाय, प्रीतीच्या पाटीवर तिच्यासंगं शिकलेलं. हसू नका.

ताई, तुम्ही शेपू खात न्हाई. अंकुशनगरला यायच्या तेव्हा शेपूची जुडी दिसली की नाक धरायच्या. मंग ही मरळ कुणाला खायची हाय? सांगायचं नसंल तर राहू द्या.

मरळ जित्ती घ्या. बाजारात भोई टोपल्यावर ओलं पोतं टाकून बसतात, त्यांच्याकडं मिळंल. आमच्या मेकाँग नदीत पण तीच असते, पा खो म्हणतात. ती मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या बाजारात हसल्ते. काटे काढा, बोटाएवढे तुकडे करा. तांदूळ इंद्रायणी घ्या, भिजवा आन् पाट्यावर जाडसर वाटा. त्यानं सगळं एकाला एक धरून राहतं. गवती चहाचा खालचा पांढरा भाग, कांदापात, लिंबाची दोन पानं, हिरवी मिरची. शेपू मुठीनं घाला, चिमटीनं न्हाई. आमच्यात त्यात पादेक घालतात, म्हणजे बरणीत वर्षभर मुरवलेलं माशाचं खारवण. मी अंकुशनगरला केल्तं, आठवतं का? कॉलनीतल्या बाया गॅस लीक झाला म्हणून आरडाओरडा करत आल्त्या आन् तुमच्या मायनं, आत्याबाईंनी, ती बरणी उसाच्या बांधावर नेऊन पुरली. त्याच्या जागी सुकट मिठात कुटून घाला. तेल न्हाई. मसाला न्हाई. ताई, मसाला बिलकुल न्हाई.

केळीचं पान जाळावर धरलं की नरम होतं. मधे दोन मुठी सारण, चारी कोन वर घ्या, खराट्याची धुतलेली काडी टोचा. पातेल्यावर चाळणी ठेवून वाफवा. पानाचा रंग मेंदीसारखा झाला की झालं.

मी इथं मावशीकडं राहते आन् एका खानावळीत भाजी चिरते, भांडी पण घासते. सकाळी उठते तेव्हाच थकलेली असते. प्रीती शाळेत बरी हाय. आत्याबाई बऱ्या हाईत का? माझं नाव घेऊन विचारू नका, असंच सांगा.

नोय


मंठा
६ जुलै २०२५

नोय,

पकडलंस मला. शेपू मी मेले तरी खाणार नाही. मरळ मायला हवी आहे.

तुला खोटं लिहिलं, कारण तुझ्यापुढे पदर पसरायला जड गेलं. गेलीस तू, आणि मागायचं आम्ही. पण आता अंगात तेवढा ताठा ठेवायची ताकद राहिली नाही. मार्चपासून माय जेवत नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली की दोन घास, खिचडी दिली की दोन घास, आणि मग ताट सरकवते. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, वय झालं. शहात्तर हे काय न जेवायचं वय आहे? तिच्या हाताला धरून उठवताना आता मला वजनच लागत नाही. शाळेतून आले की आधी तिच्या डब्याचं झाकण उघडते. डबा भरलेला दिसला की पर्स टाकून तिथेच बसावंसं वाटतं. माझ्या नाकी नऊ आलेत.

मे महिन्यात एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ती पानातली मरळ असती तं खाल्ली असती." तुझं नाव घेतलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी ती. मी म्हटलं, कुणाची मरळ? तर डोळे मिटून घेतले.

आता माझ्या स्वयंपाकाचं ऐक. पहिल्यांदा केली तेव्हा हात आपोआप काळ्या मसाल्याच्या डब्यात गेला. तू दोनदा बजावलं होतंस, तरी. तीस वर्षांची सवय आहे, तुझ्या एका कागदानं जाते का? मायनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "हे तं आपलंच कालवण हाय, लुगडं नेसवलेलं." तुझे भाऊजी हसून हसून बाहेर गेले. ती मात्र हसली नाही.

दुसऱ्या खेपेला मसाल्याचा डबाच शेजारी नेऊन ठेवला आणि तू सांगितलंस तसं तंतोतंत केलं. तर म्हणाली, "जवळ आलंय. पर हिच्यात धूर न्हाई." आणि ताट सरकवलं. धुराचं तू काही लिहिलंच नव्हतंस. तुझ्या चुलीचा धूर म्हणते, का आणखी काही आहे? हातचं राखून लिहिलं असशील तर तसं सांग. माझ्याकडे तिसऱ्या खेपेची उमेद आहे, पाचव्या खेपेची नाही.

सुमेधाताई


सावन्नाखेत
९ जुलै २०२५

ताई,

आत्याबाईंनी खरंच मागितली? तुमचा कागद मी प्रीतीकडून दोनदा वाचून घेतला. मंग स्वतः अक्षर लावून वाचला.

हो, मी राखून ठेवलं होतं. आमच्यात आईच्या हातची एक गोष्ट बाहेर सांगत न्हाईत. माझ्या आईनं मला सांगितली, मी प्रीतीला सांगणार. तुम्ही खायची म्हणाल्या म्हणून नव्हती लिहिली. पण आत्याबाई उपाशी हाईत तर आता काय लपवायचं?

छोटे कांदे, लसूण आन् मिरच्या सालासकट निखाऱ्यात टाका. वरून काळेकुट्ट होऊ द्या. मंग साल काढून कुटा, पण सगळं काळं पुसून काढू नका, थोडं राहू द्या. तोच धूर. गॅसवर होत न्हाई, निखाराच पाहिजे. कच्चा कांदा, कच्ची मिरची घालू नका.

आन् पान उघडून देऊ नका. बंद पान द्या, ज्याचं त्यानं उघडावं. आत्याबाई पहिली वाफ आली की तोंड लांब करायच्या आन् म्हणायच्या, "काय हा शेपूचा वास, बाई." मंग सगळं संपवायच्या.

खाल्लं की मला कळवा. न्हाई खाल्लं तरी कळवा.

नोय


मंठा
२७ जुलै २०२५

नोय,

खाल्लं. पूर्ण पान. शेवटी केळीच्या पानाला चिकटलेला तांदूळ बोटानं निपटून खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले, इतकं बरं वाटलं आणि इतका थकवाही आला.

निखाऱ्यासाठी बसस्टँडसमोर गेले होते. तिथे शिवकन्या कणसं भाजते, तिच्या शेगडीत कांदे-मिरच्या टाकल्या. मिरचीच्या खाटानं एसटीची वाट पाहणारी माणसं ठसकायला लागली. "मॅडम, गिऱ्हाईक पळून राह्यलं माझं!" शिवकन्या ओरडत होती. माझे दोन विद्यार्थी तिथेच होते, त्यांनी आमच्या मॅडम कांदे जाळतात म्हणून शाळाभर केलं.

पण एक गोष्ट घडली, ती तुला विचारायची आहे. माय खाटेवरून उतरून खाली चटईवर बसली होती. मी वाफाळतं पान तिच्यासमोर फरशीवर ठेवलं आणि ताट आणायला वळले. तेवढ्यात ती ओरडली, "उचल! उचल ते भुईवरून!" महिनाभर जिचा आवाज धड ऐकू येत नव्हता, तिचा हा आवाज. मी घाबरून पान उचललं, ताटात ठेवलं, तेव्हा कुठे शांत झाली. मग जेवली. जेवून हात धुताना रडायला लागली आणि म्हणाली, "म्या तिला हाकललं." तेवढंच. पुढे विचारलं तर पाठ करून झोपली.

मला इतके दिवस माहीत होतं ते असं की राजू गेल्यावर तुला इथे करमेना, लेकरू घेऊन तू माहेरी निघून गेलीस. मायनं मला तेच सांगितलं आणि मी तेच धरून बसले. आता हे हाकललं काय आहे? त्या घरात काय झालं होतं, ते लिही. गोड करून लिहू नकोस.

सुमेधाताई


सावन्नाखेत
२ ऑगस्ट २०२५

ताई,

आत्याबाई जेवल्या, हे वाचून मी खानावळीत दोन ताटं हातातून सोडली. मालकीण बोलली. बोलू द्या.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. तक्रार म्हणून न्हाई.

तुमच्याकडं पोळ्याची अमावस्या असते, त्याच अमावस्येला आमच्याकडं खाव पदप दिन असतो. भूमीला भातानं सजवायचा दिवस. आम्ही पण बुद्धाला मानतो, विहारात जातो, पण आमच्यात ही जुनी रीत हाय. त्या दिवशी गेलेल्या माणसांना सुट्टी मिळते आन् ती भुकेली असतात. उजेड व्हायच्या आधी पानात भात, मासा, फळ बांधून झाडाखाली, भिंतीपाशी भुईवर ठेवायचं. ती येतात, खातात, जातात. जमिनीवरच ठेवावं लागतं, कारण ती तिथून येतात.

गेल्या वर्षी राजूची पहिलीच अमावस्या होती. कुणाला विचारावं मला कळलं न्हाई. आत्याबाई तेव्हा कुणाशीच बोलत नव्हत्या. मी पहाटे मोक पा, म्हणजे तीच पानातली मरळ, केली, त्याला आवडायची तशी, आन् बाहेर उंबऱ्याजवळ पान ठेवलं. अगरबत्ती लावली. आत्याबाईंनी दार उघडलं आन् पाहिलं. पान उचललं आन् उकिरड्यावर फेकलं. म्हणाल्या, "माझ्या लेकाला पिंड ठेवला? माझ्या घरात हे करायचं आसंल तं नीघ."

मला वाटलं, आज राग हाय, उद्या जाईल. मी महिनाभर वाट पाहिली. त्या माझ्या हातचं पाणी घेईनात. प्रीतीची सहामाही झाली आन् आम्ही निघालो. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आईशी भांडल्या असत्या. लेक गेल्यावर लेकीशी पण भांडण, हे मला नको होतं.

ताई, मला एवढंच वाटतं. तो त्या दिवशी आला असंल आन् त्याला उपाशी जावं लागलं असंल. ह्या वर्षी अमावस्या जवळ आली हाय. मी इथं त्याचं पान ठेवू का नको, हे मला कळून न्हाई राह्यलं. आत्याबाईंच्या मनाविरुद्ध ठेवलं तर तो खाईल का? त्या त्याची आई हाईत.

नोय


मंठा
१५ ऑगस्ट २०२५

नोय,

झेंडावंदन, कवायत, लाडू वाटप आटोपून आत्ता बसले आहे. पाय सुजलेत. पण आज लिहिलं नाही तर तुझी अमावस्या निघून जाईल.

तुझा कागद वाचून मला आधी वाटलं, कारण समजलं. दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही. तशी प्रतिज्ञाच आहे आपली. मायला वाटलं, सुनेनं ती मोडली. मी तिच्यापाशी बसले आणि मास्तरीण असल्यासारखं समजावायला लागले, की माय, तो पिंड नव्हता, त्यांची रीत वेगळी आहे, तेही बुद्धाचेच लोक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला शिकवू नको. पेन घे." मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. मी बावन्न वर्षांची झाले, माझ्या आईच्या तोंडून हे आज पहिल्यांदा ऐकलं.

"तिला लिही. म्या फेकलं ते बराबर फेकलं. माझ्या दारात पुन्यांदा ठेवलं तं पुन्यांदा फेकीन. पर कशापायी, ते तिला ठावं न्हाई. सांगितलं न्हाई म्या. कुणालाच न्हाई सांगितलं.

म्या सात-आठ वर्साची आसंल. पितरांच्या दिसांत गावात जेवणं व्हायची. उरलंसुरलं पत्रावळीत बांधून भिताडाच्या कडंला भुईवर ठेवायचे. आमच्या हातात द्यायचे न्हाईत. माय मला धाडायची. जल्दी जायचं, कुत्र्याच्या आधी उचलायचं. एक बारी म्या अन् कुत्र्यानं एकच पान धरलं. म्या सोडलं न्हाई. वसरीवर बसलेली माणसं हासली. त्यो हासा आजून कानात हाय. मंग बापानं दीक्षा घेतली अन् सांगितलं, आजपासून भुईवरचं कुणी उचलायचं न्हाई, उपाशी मेलो तरी चालंल. तवापासून न्हाई उचललं.

अन् त्या सकाळी म्या दार उघडते, तं माझ्याच उंबऱ्याशी पान. त्यात माझ्या लेकाचं जेवण. भुईवर. कुत्रं बसलं व्हतं समोर, वाट बघत. मला दुसरं काय दिसंल?"

मला वाटलं, झालं. पेन खाली ठेवलं, तर म्हणाली, "ठेवू नको, आजून हाय."

"तिच्या गावात तिची रीत आसंल तं करू दे. त्यो तिचा पन व्हता. पर माझ्या लेकाला भुईवर वाढू नको म्हणावं. ताट घे. ताटाखाली पाट घे. त्यो भुईवर बसंल, त्याचं जेवण भुईवर न्हाई बसणार. अन् शेपू जरा बारीक चिर, त्याच्या दातात आडकायचा."

एवढं सांगून ती दमून झोपली. माझ्या शाळेत मी मुलांना काय काय शिकवते, आणि घरात माझ्या आईनं साठ-सत्तर वर्षं पोटात काय धरून ठेवलं होतं ते मला माहीत नाही. असो. रडून डोकं दुखायला लागलं आहे.

ती "ये" म्हणाली नाही. म्हणणारही नाही, तू तिला ओळखतेस. पण संध्याकाळी चहा घेताना विचारत होती, की प्रीतीला तिकडे खायला काय मिळतं आणि तिकडून इकडे यायला किती गाड्या बदलाव्या लागतात. मी म्हटलं, विमान लागतं. "मंग विमानाचं बघ," म्हणाली आणि चहात पोळी बुडवून खाल्ली.

ताई


सावन्नाखेत
२३ ऑगस्ट २०२५

ताई, आत्याबाईंना वाचून दाखवा.

काल पहाटे मावशी, मी आन् प्रीती विहारात गेलो. अंधार होता, पाऊस थांबला होता. सगळ्या बाया आपापली पानं घेऊन आल्त्या. कुणी झाडाच्या मुळाशी ठेवत होतं, कुणी कुंपणाच्या भिंतीपाशी, प्रत्येक पानाजवळ एक मेणबत्ती. मावशीनं माझ्या आईचं पान झाडाखाली ठेवलं. मी शेजारी पाट ठेवला. खरा पाट इथं मिळत न्हाई. खानावळीतला लाल प्लास्टिकचा छोटा स्टूल मालकिणीला मागून नेल्ता. त्यावर स्टीलचं ताट ठेवलं. अंकुशनगरहून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेलं एक ताट माझ्याकडं हाय, त्याच्या कडेवर राजूचं नाव कोरलेलं. ताटात मोक पा ठेवली, भात ठेवला. शेपू एकदम बारीक चिरला होता.

बाया बघायला लागल्या. विहारातली दोन-तीन कुत्री पानं हुंगत फिरत होती, ती रोजचीच. ती ताटाकडं पण आली. प्रीती उठली आन् स्टुलासमोर उभी राहिली. तिला मी सांगितलं नव्हतं. तिनं तुमचा कागद मला वाचून दाखवला होता, तेवढंच.

मावशी माझ्यावर चिडली. म्हणाली, "हे काय नवीन काढलं? गेलेली माणसं खालून येतात. त्यांना वरचं दिसत न्हाई. एवढा खर्चा करून बिचाऱ्याला उपाशी पाठवशील. सगळ्यांचं खाली हाय, त्याचंच का वर?"

मी म्हणलं, "मावशी, आमच्या घरात भुईवरचं कुणी खात न्हाई."

नोय